एक चमचा मासा

माणसाचं तोंड किती उघडलं पाहिजे याचं एक माप असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ते माहीत असण्याचं कारणही नाही. आमच्याकडे तोंड किती बंद ठेवावं याचीच मोजमापं चालतात.

तर माप असं : आपल्याच हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटवायची आणि उभी करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही गेली तर जबडा ठणठणीत. (आमच्या मॅनेजरसाहेबांची चार सहज जातील.) दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला हा प्रयोग करायला सांगितला तेव्हा माझी दीड बोटं गेली. दुसरं बोट अर्ध्यावर अडकलं आणि डाव्या कानाजवळ 'कट्ट' असा आवाज झाला. लॉकरची किल्ली फिरल्यावर होतो ना, अगदी तसा.

"हा टेम्पोरोमँडिब्युलर सांधा," बाई म्हणाल्या.

मी ते नाव उच्चारून बघितलं आणि पुन्हा कळ आली. ज्याला दुखतंय नेमकं त्यालाच म्हणता येऊ नये असं नाव या सांध्याला कोणी ठेवलं असेल, त्याचा स्वतःचा जबडा उत्तम असणार.

दुखणं सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. एका संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापावचा पहिला घास घेताना तो 'कट्ट' प्रथम ऐकू आला. मी मागे वळून बघितलं, कोणी काही मोडलं की काय म्हणून. मोडलं होतं ते माझंच. त्यानंतर चपाती आमटीत भिजवून, सफरचंद किसून आणि जांभई हाताने आवरून मी दिवस काढत होतो. आईने ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. आणि तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा एक बरणी घेऊन आले.

आप्पांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो दर दिवाळीला माशाच्या तेलाच्या चारशे कॅप्सूलची एक बरणी पाठवतो. बरणी एवढी मोठी की तीत आमच्याकडे लोणचं घालतील.

"घ्या हे! ओमेगा थ्री! माझे गुडघे बघा," असं म्हणून त्यांनी पायजमा वर केला. मी गुडघे बघितले. ते गुडघ्यांसारखेच होते. "दोनशे वर्षांचा अनुभव आहे याच्यामागे. सांधा म्हटला की माशाचं तेल!"

आता मी पडलो बी.कॉम. कोणी 'दोनशे वर्षांचा अनुभव' म्हणालं की माझा हात आपोआप व्हाउचरकडे जातो. आप्पांची बरणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, या खात्याची ओपनिंग एन्ट्री तरी बघू.

ती सापडली मँचेस्टरमध्ये. म्हणजे समुद्रकाठचे कोळी आपली आखडलेली हाडं हे तेल चोळून आणि पिऊन सैल करत होतेच. पण कोळ्यांच्या अनुभवाला शिक्का कोण मारतो? शिक्का मारला टॉमस पर्सिव्हल या डॉक्टरांनी. 1783 साली त्यांनी लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात, जुन्या संधिवातावर कॉड माशाच्या यकृताचं तेल कसं गुणकारी आहे, यावर लेख लिहिला. मँचेस्टरच्या इन्फर्मरीत, म्हणजे धर्मादाय इस्पितळात, हे तेल तेव्हा आधीपासूनच पाजलं जात होतं. कहाणी सुरू झाली ती दुखण्याने अपंग झालेल्या एका बाईपासून. तिला या तेलाने बरं वाटलं. पुढे पुन्हा दुखायला लागलं, पुन्हा तेल, पुन्हा बरं. डॉक्टर मंडळींनी आधी नाकं मुरडली. मग एकेक रोगी तेलाने उठून चालायला लागले तशी मुरडलेली नाकं दाबून तेच तेल ते लिहून द्यायला लागले. दरसाल जवळजवळ एक पिंपभर तेल इस्पितळात खपायचं.

नाकं दाबून म्हणालो ते अलंकारिक नाही. त्या काळी तेल काढायची रीत अशी : माशांची यकृतं पिंपात टाकायची आणि वाट बघायची. बस्स! ती कुजायची, फुटायची आणि तेल वर तरंगायचं. पहिलं येई ते फिकट, मग तपकिरी, शेवटचं काळपट. हेच तेल चांभार कातडी कमावायला वापरत आणि गरीब लोक दिव्यात घालत. म्हणजे एकाच पिंपातून जोडा, दिवा आणि औषध. दुखणं किती असह्य असेल, की माणसं हे घशाखाली उतरवायला तयार झाली! माझ्या जबड्याला मी उगाच मोठं मानत होतो.

ही दुर्गंधी कमी केली ती पेटर मोलर या नॉर्वेच्या औषधविक्याने. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन नावाची बेटं आहेत. दर हिवाळ्यात कॉडचे थवेच्या थवे तिथे अंडी घालायला येतात आणि त्यांच्यामागे होड्यांचे थवे. मोलरचं म्हणणं साधं होतं : कुजू कशाला द्यायचं? 1853-54 च्या सुमारास त्याने ताजी यकृतं वाफेवर तापवून तेल काढायला सुरुवात केली. तेल फिकट निघालं, वास उतरला आणि एका राष्ट्राला उद्योग मिळाला. नॉर्वेत या तेलाला 'त्रान' म्हणतात, आणि ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे त्या महिन्यात रोज एक चमचा त्रान घ्यायचं असा तिथला रिवाज. मी मुद्दाम कॅलेंडर काढून बघितलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल! मराठीतसुद्धा 'र' जागच्या जागी! मे, जून, जुलै, ऑगस्ट कोरडे. आमचे कोकणातले लोक श्रावणात मासा सोडतात, ते लोक 'र' नसला की तेल सोडतात. ते महिने तिकडे उन्हाचे. ही उन्हाची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

मग दुधासारखं घुसळून चव लपवलेलं तेल आलं आणि पाठीवर भलामोठा मासा लादलेला तो माणूस बाटलीवर चढून जगभर हिंडला. तो तुम्ही पाहिला असेलच. लहानपणी मला वाटायचं, एवढा मासा उचलण्याची शक्ती ज्याला आहे त्याला हे औषध कशाला?

आमच्या घरी मात्र तो नव्हता. आमच्या घरी शार्क होता.

घर शुद्ध शाकाहारी. आजीचं सोवळं असं, की मासळीवालीची हाक आली तरी ती खिडकी लावून घेई. अशा घरात मी जन्माला आलो तो काटकुळ्या पायांचा. चालायला उशिरा लागलो आणि लागलो तेव्हा गुडघे बाहेर काढून. डॉक्टरांनी आईला 'शार्क लिव्हर ऑइल' लिहून दिलं. बाटली घरात आली. पण घरात म्हणजे कुठे? देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, फडताळ नाही. शेवटी जिन्यातल्या विजेच्या मीटरच्या पेटीवर तिची स्थापना झाली. चमचा वेगळा, त्याला ओळखायला लाल दोरा. रोज सकाळी आई मला जिन्यात नेई, माझं नाक दाबी, चमचा आत घाली आणि गॅलरीत उन्हात उभं करी. आजी आतून विचारी, "दिलंस का गं त्याला ते?" त्या 'ते'चं नाव तिने मरेपर्यंत उच्चारलं नाही, पण विचारायला एक दिवस विसरली नाही. वडिलांच्या कारकुनी पगारात ती बाटली बसवायला आईने काय काय वजा केलं, ते मला त्या वयात कळणं शक्य नव्हतं. पुढे मी हा प्रसंग बँकेच्या स्नेहसंमेलनात नक्कल करून सांगत असे. आजीच्या आवाजाला टाळ्या पडत.

आता नॉर्वेच्या कॉडच्या जागी आपल्याकडे शार्क कसा आला, याचं उत्तर हिटलरकडे आहे. 1940 साली जर्मनीने नॉर्वे घेतला आणि तिकडून येणारं तेल अडलं. त्याच युद्धात इंग्लंडच्या सरकारने 1941-42 पासून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कॉडचं तेल पुरवलं. आपल्याकडे आयात आटली तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मुशीची यकृतं गोळा व्हायला लागली. मुशी म्हणजे आपला शार्क. कोळीवाड्यात तो मुळीच भयंकर नसतो, त्याचं कालवण होतं. त्याच्या यकृतातही तेल भरपूर. युद्ध संपलं, हिटलर गेला, पण बाटली राहिली, आणि चाळीस-बेचाळीस वर्षांनी आमच्या मीटरच्या पेटीवर येऊन बसली.

पण त्या बाटलीत नेमकं होतं काय? पर्सिव्हलसाहेबांना माहीत नव्हतं. मोलरला माहीत नव्हतं. माझ्या आईलाही माहीत नव्हतं, पण तिने निदान लेख लिहिला नाही. ते कळलं 1919 च्या आसपास, आणि कुत्र्यांमुळे. लंडनला एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात, उन्हाविना ठेवली आणि त्यांना ओटची लापशी खायला घातली. पिल्लांचे पाय वाकले. म्हणजे मुडदूस. कॉडचं तेल दिल्यावर पिल्लं सुधारली. मेलन्बींना वाटलं, हे 'अ' जीवनसत्त्वाचं काम. मग अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी तेल तापवून, त्यातून हवा खेळवून 'अ' मारून टाकलं. तरी तेल मुडदूस बरा करीतच राहिलं. तेव्हा 1922 साली त्यांनी ठरवलं, यात आणखी कोणीतरी आहे. अ, ब, क ही नावं गेलेली होती. याला 'ड' मिळालं. हेच 'ड' आपल्या कातडीत उन्हाने फुकट तयार होतं.

इथे माझ्यातला कारकून खुर्चीत ताठ झाला. पुन्हा मँचेस्टर बघा. उत्तर इंग्लंडचं ढगाळ आभाळ, कोंदट घरं, वाढता धूर, ऊन नावाला नाही. 'ड' कमी पडलं की लहान मुलाची हाडं वाकतात आणि मोठ्या माणसाची मऊ होऊन ठणकतात. पण तेव्हा ठणकणाऱ्या प्रत्येक हाडाला संधिवातच म्हणत. ती इन्फर्मरीतली बाई आणि तिच्यासारखे कितीतरी रोगी बहुधा सांध्याचे नव्हतेच, हाडांचे होते. तेलाने त्यांना खरोखर गुण आला, आणि तो जमा झाला संधिवाताच्या खात्यावर! रक्कम बरोबर, खातं चुकीचं. आमच्याकडे अशी एन्ट्री झाली तर संध्याकाळी टॅली करताना सापडते आणि कारकुनाला मेमो मिळतो. ही 1783 ची एन्ट्री आप्पांच्या गुडघ्यापर्यंत चालत आली.

आणि माझी काटकुळी तंगडी? तिच्या बाबतीत खातंही बरोबर आणि रक्कमही बरोबर. चमचाभर तेल आणि वर गॅलरीतलं ऊन, म्हणजे एकाच व्यवहाराची दुहेरी नोंद. हे वाचलं त्या रात्री मी आईला म्हटलं, "आई, तू ते तेल देत होतीस ना, ते अगदी शास्त्राला धरून होतं."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? नक्कल करून दाखवायला देत होते की काय?"

त्यानंतर मी ती नक्कल केलेली नाही.

पण आप्पांची बाजू अगदीच फेटाळता येईना, कारण खात्यात पुढे एक वेगळीच जमा दिसते. 1970 साली बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक ग्रीनलंडच्या बर्फात गेले आणि तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त घेऊन आले. सील आणि मासे खाणारे लोक. त्यांच्या रक्तात सापडली ओमेगा थ्री ही चरबी. तिथून 'मासे खातात म्हणून त्यांचं हृदय उत्तम' ही कथा निघाली. त्या दोघांनी कुणाच्या हृदयाचे आजार स्वतः मोजलेच नव्हते, ही गोष्ट 2014 साली काही कॅनेडियन संशोधकांनी दाखवून दिली. चाळीस वर्षांनी ऑडिट! आमच्या बँकेला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सांध्यांपुरती मात्र गोष्ट थोडी निराळी आहे. 1985 साली अमेरिकेत जोएल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रोग्यांना बारा आठवडे माशाचं तेल दिलं. सकाळचा ताठरपणा आणि दुखणारे सांधे कमी झाले. 2007 साली अशा 17 चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, तोही जमेकडेच झुकला. कारण असं, की सूज आणणारे पदार्थ शरीर ज्या चरबीतून बनवतं, तिच्याच खिडकीवर ओमेगा थ्रीही रांगेत उभं राहतं. खिडकी एकच. जितकी गर्दी याची, तितकं काम त्याचं कमी. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी चुकीच्या खात्यावर टाकलेल्या रकमेतला थोडा भाग त्या खात्याचाच निघाला, पण वेगळ्या कारणाने. चुकून बरोबर येणं कारकुनाला नवीन नाही.

मग मी आप्पांच्या बरणीवरची बारीक अक्षरं वाचली. पुढे मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम. मागे, ओमेगा थ्री : एक प्रकार 180, दुसरा 120. एकूण 300. बाकीचे 700 नुसतं तेल. ग्रॉस पगार आणि हातात येणारा पगार यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. संधिवाताच्या चाचण्यांतला डोस रोज पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, तोही निदान तीन महिने. भागाकार केला : रोज नऊ कॅप्सूल. नव्वद दिवसांच्या आठशे दहा. म्हणजे आप्पांच्या दोन बरण्या संपवून वर दहा उसन्या. आणि ही झाली साध्या माशाच्या तेलाची गोष्ट. यकृताच्या तेलाचं असं करायला गेलं तर त्यातलं 'अ' अंगावर येतं. आप्पा रोज एक घेतात. एवढ्या भांडवलावर त्यांचे गुडघे धंदा करताहेत, हे कौतुकास्पद आहे.

हा सगळा ताळेबंद घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पण तुम्हाला ऱ्हुमॅटॉइड नाहीये."

जबड्याचा इतिहास त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितला. 1934 साली अमेरिकेत जेम्स कॉस्टन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी हे दुखणं दातांच्या माथी मारलं : मागचे दात पडतात, जबडा जास्त मिटतो, सांधा दबतो. झालं! पुढची कित्येक वर्षं दंतवैद्य लोकांचे दात घासत आणि उंच करत बसले. मग 1950 नंतर न्यूयॉर्कच्या श्वार्ट्झ यांनी आणि 1969 साली लास्किन यांनी बोट वळवलं ते स्नायूंकडे आणि मनाकडे. सांध्यातली गादी सरकली की 'कट्ट' होतं. पण बहुतेकांचा ठणका येतो तो जबडा आवळून आवळून थकलेल्या स्नायूंचा.

"तुम्ही दात-ओठ खाता का?" बाईंनी विचारलं.

त्यांना बहुधा झोपेतलं विचारायचं होतं. मी मात्र गप्प झालो. आपली भाषा मोठी डॉक्टर आहे. दात-ओठ खाणं, दाताच्या कण्या करणं, दातखीळ बसणं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कॉस्टनसाहेबांना मराठी येत असतं तर तीस-पस्तीस वर्षं वाचली असती.

कारण वडापावचा तो दिवस मला आठवला. त्या दुपारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला आले होते. त्यांना केबिनमध्ये नेऊन चहा पाजला गेला. शाखेला विम्याचं टार्गेट असतं. बाहेर येताना कागद माझ्या खिडकीवर ठेवून त्यांनी विचारलं, "साहेब, ही एफडीच ना?" ती एफडी नव्हती. दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी होती. मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांना विचारा." आणि मूग गिळले. पॉलिसी परत करायला तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस मी कॅलेंडरवर मोजले. एकतिसावाही मोजला.

"ओठ मिटलेले, दात सुटे," बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं. "जेवताना सोडून दाताला दात लागता कामा नये. ऊन शेक द्या. तेल घ्यायचं तर घ्या, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका."

ती चिठ्ठी मी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली. मालवणच्या आमच्या कॅशवाल्या भाऊंनी ती वाचली आणि म्हणाले, "त्याल कित्याक? बांगडो खा!" बांगड्यात ओमेगा थ्री भरपूर असतं, पण आजी वरून बघत असेल म्हणून मी अजून खाल्लेला नाही.

गेल्या मंगळवारी आमच्याच भागातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. केबिन, चहा, कागद. बाहेर येऊन माझ्या खिडकीशी थांबल्या. सही अजून व्हायची होती.

"अरे, ही ठेवच आहे ना रे?"

चिठ्ठी समोर होती. दात सुटे होते.

"नाही बाई," मी म्हटलं. "हा विमा आहे. दरवर्षी हप्ता भरावा लागेल, दहा वर्षं. ठेवीचा फॉर्म हा."

मध्ये 'कट्ट' झालं. केबिनचं दार उघडं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि तिमाहीअखेर अजून व्हायची आहे. बदलीच्या यादीत माझं नाव वर सरकलं असेल तर मला ते कळेलच. दुपारी डबा खाताना मी बोटं घालून बघितली. अडीच गेली.

संध्याकाळी जिन्यात आप्पा भेटले. मी बोलताना तोंड जरा मोठं उघडलं असावं, कारण ते टाळी वाजवून ओरडले, "बघा! म्हटलं नव्हतं? तेलाचा गुण!" मी त्यांच्या बरणीतल्या एकंदर अकरा कॅप्सूल घेतल्या होत्या. रात्री आठच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे दोघे जण आपापला खांदा आणि कंबर घेऊन आप्पांकडे जाऊन आले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आप्पांचं काय घेऊन बसलास? लहानपणी मी पाजलेलं आत्ता अंगी लागलंय."